कबुली मागे घेण्याबाबत

४ एप्रिल

ताईस,

फोन केला नाही याचा राग धरू नकोस. फोनवर माणूस बोलतो आणि नंतर 'मी असं म्हणालोच नव्हतो' म्हणायला मोकळा होतो. लिहिलेलं राहतं. तू तीस वर्षं कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये काढलीस, तुला हे मी सांगायला नको.

गेल्या वर्षी बारा जूनला मी कोर्टात उभं राहून दारू पिऊन गाडी चालवल्याचा गुन्हा कबूल केला. ती कबुली मला मागे घ्यायची आहे आणि माझ्या नावावरची नोंद पुसून हवी आहे. तुला यातलं काही माहीत नव्हतं, आता झालं.

वजन-मापं कार्यालयातला एक साहेब निवृत्त झाला. नोकरीभर त्याला ग्रॅम आणि मिलिग्रॅम यांतला फरक कळला नाही, त्याबद्दल त्याला जेवण होतं. दुपारचं. पावणेदोनला पहिला घोट घेतला. एकूण तीन पेग, तीस-तीस मिलिलिटरचे, आणि ते मी स्वतःच्या खिशातल्या मापानं मोजले, कारण हॉटेलच्या मापावर विश्वास ठेवणारा फसवून घ्यायलाच बसलेला असतो. तीन वाजून चाळीस मिनिटांनी चौकात मला अडवलं आणि फुंकायला लावलं. मर्यादा पस्तीस. मशीननं दाखवले अडतीस. माझं वजन साडेएकाहत्तर किलो, दारू नव्वद मिलिलिटर, मधला वेळ एक तास पंचावन्न मिनिटं. कुठल्याही बाजूनं हिशोब कर, आकडा तेहेतीसच्या वर जात नाही. मी सात वेळा केला.

सरकारनं दिलेल्या वकिलाला मी टाय म्हणतो, कारण टाय सोडला तर त्याच्यात काही नाही. कोर्टाच्या व्हरांड्यात बिस्किट खात खात तो मला म्हणाला, "कबूल करा, दहा मिनिटांत घरी जाल." मी कबूल केलं. गाडीचं लायसन्स दोन वर्षांसाठी गेलं, त्याचं मला फारसं काही नाही. पण आता कार्यालयातले लोक नियम दाखवतात की अशी शिक्षा झालेल्याला तपासनीसाचा परवाना पुन्हा मिळत नाही. माझा परवाना तीस सप्टेंबरला संपतो. बत्तीस वर्षं मी लोकांचे काटे तपासून शिक्का मारतोय. कुणाच्या हाताखाली शिकलो नाही, पुस्तकं आणली आणि शिकलो. शिक्का गेला की मी स्क्रू पिळणारा एक म्हातारा.

समोरच्या गल्लीत बेकरीच्या गाडीवरचा ड्रायव्हर राहतो. त्यालाही ऑगस्टमध्ये अशीच शिक्षा झाली. आता दिसेल त्याला सांगतो की मशीन खोटं होतं. प्रत्येक दारुडा हेच सांगतो. मला त्याच्या रांगेत बसवू नकोस. माझ्याकडे हिशोब आहे.

काय करायचं ते कळव.

काटा

११ एप्रिल

काट्या,

तुझं पत्र वाचून तुझ्या भाऊजींनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. हसू दाबायचं असलं की ते चष्मा पुसतात.

आधी एक गोष्ट. तीन पेग पोटात घालून गाडी चालवणारा माणूस हिशोबात बसला म्हणून शहाणा ठरत नाही. तेहेतीस असो की अडतीस, चौकात समोरून मी येत असते तर मला सारखंच लागलं असतं. हे एकदाच लिहिते, पुन्हा काढणार नाही.

आता कामाचं. कबूल केलेला गुन्हा मागे घेता येतो, पण कोर्ट तुझ्या डोळ्यांतलं पाणी बघत नाही. ते एवढंच विचारतं: हो म्हणताना तुला काय माहीत होतं आणि काय माहीत नव्हतं? तेव्हा माहीत नसलेलं काही नंतर समोर आलं असेल, तर दार किलकिलं होतं. वकील बिस्किट खात होता एवढ्यानं ते हलतसुद्धा नाही. मी असे शेकडो अर्ज बासनात बांधलेत. अर्ध्या लोकांना वकील आवडला नव्हता.

तीन कागद मिळव. एक, निकालाची प्रत. दोन, मशीनमधून निघालेली आकड्याची पट्टी. तीन, त्या मशीनच्या तपासणीचा दाखला. तुझ्या म्हणण्याप्रमाणे मशीन चुकलं असेल, तर ते तिसऱ्या कागदात सापडेल.

आणि एक विचारते. सहा वर्षांपूर्वी तू मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतंस की पोलिसांची फुंकायची मशीनं आता तुझ्याकडे तपासायला येतात. हे त्यातलं नाही ना?

बाकी ठीक. तू माझ्या लग्नात दिलेला काटा अजून ओट्यावर आहे. आजच त्यावर केकचं पीठ मोजलं.

ताई

२० एप्रिल

ताईस,

सोबत निकालाची प्रत आणि मशीनची पट्टी. निकालाच्या प्रतीत माझं वय चुकलंय, तारीख दोनदा छापलीय आणि 'सदर' हा शब्द एका वाक्यात चार वेळा आलाय. अशा माणसांच्या हाती न्याय आहे. पट्टीवरची शाई इतकी फिकी की भिंगाखाली धरून वाचली. दोन वेळा फुंकलं, एकदा अडतीस, एकदा एकोणचाळीस. कमी तो धरला, ही त्यांची मेहेरबानी.

मशीनचं विचारलंस. पोलिसांकडे एकवीस मशीनं आहेत. त्यातली नऊ माझ्याकडे येतात, बारा दुसरीकडे जातात. तिथे काय प्रतीची तपासणी होते ते देव जाणे.

टायला पुन्हा भेटलो, दुसरा कोणी हे काम घेत नाही. त्याच्या टेबलावर फायलींचा असा ढीग आहे की खालची फाईल काढायला त्याला उभं राहावं लागतं, म्हणून तो नेहमी वरचीच काढतो. माझी खाली आहे. त्याला मी विचारलं, "श्वासातून आकडा कसा काढतात, माहीत आहे का तुम्हाला?" तर म्हणतो, "मशीन काढतं." मी म्हटलं, "आणि मशीनला कोण शिकवतं?" तो हसला. त्याला वाटलं मी विनोद केला.

परवा तो बेकरीवाला दुकानात आला होता. नोकरी गेली त्याची. आता गोदामात पोती उचलतो. म्हणाला, "काटेवाले, तुम्हाला यातलं कळतं. मला एक अर्ज लिहून द्या. मी एकच बिअर प्यायलो होतो. छत्तीस दाखवले, एकच पॉइंट वर." मी त्याला सांगितलं, "मशीन दारू पीत नाही. खोटं तूच बोलतोयस." त्यानं काउंटरवरचं एक वजन उगाच उचलून पुन्हा ठेवलं आणि गेला. बोटांचे डाग पडले वजनावर. पितळेला घाम लागला की ते काळं पडतं, हे या लोकांना कोण शिकवणार? मी ते स्पिरिटनं पुसलं.

काटा

२९ एप्रिल

काट्या,

कागद मिळाले. दोन.

मी तीन मागितले होते. माझी मोजणी चुकत नसेल तर दोनच आलेत, आणि तिसऱ्याबद्दल पत्रात एक ओळ नाही. तू किराणा दुकानात शिरलास की कसा आहेस म्हणायच्या आधी काट्याचा दाखला मागतोस. माझ्या शेजारणीकडच्या बारशाला आलास आणि बाळाचं वजन केलेल्या काट्याची तारीख विचारलीस, तिनं अजून ते धरून ठेवलंय. असा माणूस, ज्या मशीननं त्याला गुन्हेगार ठरवलं, त्याचा दाखला मागत नाही?

तुझ्या पत्रात बारा मशीनं दुसरीकडे जातात असं आहे. तुझं मशीन त्या बारांतलं, असं कुठे लिहिलेलं नाही. मी तीस वर्षं लोकांचे जबाब वाचले रे. माणूस थेट खोटं क्वचित बोलतो. तो शेजारचं खरं सांगतो.

दाखला पाठव.

ताई

३ जून

काट्या,

पाच आठवडे झाले, तुझं पत्र नाही. तू आजारी नाहीस, कारण तुझ्या बायकोला फोन केला तर म्हणाली, "ठणठणीत आहेत, फक्त कुणाशी बोलत नाहीत, त्यामुळे घरात शांतता आहे."

माझ्या हाताखाली शिकलेली एक मुलगी आता तुमच्या कोर्टाचं रेकॉर्ड सांभाळते. तिच्याकडे रीतसर अर्ज करून तुझ्या फायलीतल्या दाखल्याची प्रत मागवली. सोबत जोडली आहे, पण तुला ती बघायची गरज नसावी. मशीन क्रमांक चौदा. तपासणी गेल्या वर्षी सात मे. यंत्र अचूक. खाली शिक्का तुझा, आणि सही तुझी, ती शेवटी खाली रेघ ओढायची तुझी सवय अजून गेली नाही.

आता खरं लिही. चौकात फुंकलंस तेव्हा मशीनवर तुझं सील दिसलं होतं?

ताई

१४ जून

ताईस,

दिसलं होतं. डाव्या बाजूला, बॅटरीच्या झाकणाखाली, किंचित तिरकं. मी सील कधी तिरकं लावत नाही, त्या दिवशी लागलं होतं, म्हणून लक्षात राहिलं.

त्याच क्षणी मला कळलं की आकडा चूक आहे, आणि हेही कळलं की चूक म्हणायची सोय नाही. मशीन खोटं म्हणजे शिक्का खोटा. टायनं कबूल करा म्हटलं तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. दारू पिऊन गाडी चालवली, हे लोक विसरतात. पण ह्याचं माप खोटं असतं, हे एकदा पसरलं की मेल्यावरही राहतं. मी दारुडा व्हायचं पसंत केलं. त्या वेळी ते मला फार मानी वाटलं होतं.

आता चूक कुठे ते लिहितो. तुझं पत्र आलं आणि पहिल्यांदाच शोधायला बसलो. वर्षभर बसलो नव्हतो, हेही लिहून ठेव.

फुंकायचं मशीन तपासायला दारू मिसळलेलं पाणी बरोबर चौतीस अंशांवर ठेवतात, म्हणजे माणसाच्या श्वासाइतकं कोमट. त्याची वाफ मशीनला देतात आणि ठरलेला आकडा येईपर्यंत मशीन जुळवतात. पाणी थंड असेल तर वाफ पातळ होते. मग त्या पातळ वाफेलाच मशीन पुरता आकडा द्यायला शिकतं, आणि पुढे प्रत्येक माणसाला जास्त दाखवतं. सगळं त्या चौतीस अंशांवर उभं आहे.

माझ्याकडे दोन थर्मामीटर आहेत. गेल्या वर्षी फेब्रुवारीत पहिल्यातला पाऱ्याचा धागा तुटला. नवा मागवायचा सोडून मी तो गरम करून, झटकून स्वतः जोडला, आणि त्याचा मला अभिमान होता. मग त्याची खात्री करायला दुसरा बाजूला धरला. दुसरा दोन अंश कमी दाखवत होता. मी काय केलं असेल? मी जोडलेला तो बरोबरच असणार, म्हणून दुसऱ्यावर चिठ्ठी चिकटवली: 'दोन अंश मिळवावेत.' त्यानंतर दर महिन्याला मी पहिला दुसऱ्याशी ताडून बघत होतो, आणि दोघे बरोबर जुळत होते. जुळणारच. मीच पढवून ठेवलेला साक्षीदार मीच तपासत होतो.

दरवर्षी थर्मामीटर मध्यवर्ती प्रयोगशाळेत पाठवायचे असतात. मी तीन वर्षं पाठवले नाहीत. तिथली कालची पोरं मला काय सांगणार, असं मी म्हणायचो.

परवा घरातून बर्फ आणला, ठेचला, पाण्यात लगदा केला आणि पहिला थर्मामीटर त्यात धरला. शाळेतलं मूल करतं ते. शून्य यायला हवं होतं. दोन आले. भिंगातून बघितलं तर पाऱ्यात केसाएवढा हवेचा बुडबुडा. चिठ्ठीवाला धरला. शून्य. दीड वर्ष तो खरं सांगत होता.

आता पुढचं. मी नऊही मशीनं परत मागवून गुपचूप नीट करीन. यापुढे कुणाचं नुकसान होणार नाही. माझ्या अर्जात मशीनचा विषय काढत नाही, वकिलानं नीट सल्ला दिला नाही एवढंच लिहितो. चालेल ना?

काटा

२० जून

काट्या,

चालणार नाही.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, माझा भाऊ शेवटी खरं बोलला. दुसऱ्यांदा शेवटचा परिच्छेद वाचला. चार पानं खरं बोलून पाचव्यावर धंद्याला लागलास.

यापुढे कुणाचं नुकसान होणार नाही, म्हणतोस. यामागचं काय? दोन अंश थंड पाण्यानं मशीन किती जास्त दाखवतं ते तू मला सांगितलेलं नाहीस, पण तुझ्याच आकड्यांवरून दिसतं. तेहेतीसचे अडतीस झाले. म्हणजे छत्तीसपासून चाळीसपर्यंत ज्यांना दाखवलं ते सगळे मर्यादेच्या आत होते. रेकॉर्डच्या त्या मुलीला मी गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीपासूनची यादी काढायला सांगितली. तुझी नऊ मशीनं, छत्तीस ते चाळीस. चौदा जण, तुझ्यासकट. चौघे तुझ्या आधी आणि नऊ तुझ्यानंतर. सगळ्यांनी गुन्हा कबूल केला, बहुतेकांचा वकील तोच, तुझा टाय.

ते नऊ नीट वाच. बारा जूनला तू कोर्टात 'मशीन तपासा' एवढे दोन शब्द बोलला असतास तर ते नऊ जण झालेच नसते. तुझा बेकरीवाला त्यातला तिसरा आहे. छत्तीस. त्याला तू काय म्हणालास ते तुझ्याच अक्षरात माझ्याकडे आहे. लिहिलेलं राहतं, नाही का?

तुझं मन दुखावेल म्हणून मी आयुष्यात बरंच बोलले नाही. आता बोलते. तुझ्यापेक्षा तो टाय बरा. त्याला कळत नाही हे सगळ्यांना माहीत आहे.

नियम मी बघितले. चुकीची तपासणी तपासनीसानं आपणहून कळवली, तर सहा महिने शिक्का जप्त आणि पुन्हा परीक्षा. परीक्षा तू झोपेत पास होशील. पण दारूची शिक्षा नावावर राहिली तर परवाना कायमचा बंद. म्हणजे अजून तुला वाट आहे. थर्मामीटर घेऊन कोर्टात जा, चौदाही जणांच्या वतीनं अर्ज कर, सगळं सांग.

आणि तिथे तुला एक प्रश्न विचारला जाईल. मी पहिल्या पत्रात लिहिलेलाच. कबूल करताना तुला काय माहीत होतं? बाकीचे तेरा जण 'काही नाही' म्हणतील आणि ते खरं असेल. तू काय म्हणायचंस ते मी सांगणार नाही. तुझ्या मनात काय होतं याचा कागद कोर्टाकडे नाही. माझ्याकडे आहे, चौदा जूनचा, पण तो मी कुणाला देणार नाही.

ताई

२ ऑगस्ट

ताईस,

सुनावणी काल झाली. क्रमानं लिहितो.

दोन्ही थर्मामीटर, चिठ्ठीसकट, मी लाकडी पेटीत कापसात ठेवून बसनं नेले. बर्फ थर्मासमध्ये. कोर्टाची खोली लांबट, पंखा एक, तोही न्यायाधीशबाईंच्या डोक्यावर, बाकीच्यांनी घाम गाळायचा. बाईंच्या टेबलावरचं घड्याळ चार मिनिटं पुढे होतं. मी मनात म्हटलं, झालं आपलं काम. यांना दोन अंशांचं काय महत्त्व कळणार?

चुकलो. मी पेल्यात बर्फाचा लगदा करून दोन्ही थर्मामीटर धरले, तशा बाई खाली उतरून पेल्यापाशी आल्या, पदर सावरून वाकल्या आणि दोन्ही आकडे स्वतः वाचले. मग विचारलं, "ही चिठ्ठी कुणी लावली?" मी म्हटलं, "मी." "का?" "मी जोडलेला थर्मामीटर चुकेल असं मला वाटलं नाही." बाईंनी ते जसंच्या तसं लिहून घ्यायला लावलं. माझी इतकी अचूक नोंद आजवर कुणी केली नव्हती.

तेरा जण बाकांवर होते. त्यांना एकेक करून विचारलं. सगळे 'माहीत नव्हतं' म्हणाले. एक बाई होत्या, दवाखान्यातल्या. त्या रडायला लागल्या तर टायनं त्यांना रुमाल दिला. त्याच्या खिशात रुमाल असतो हे मला कालच कळलं.

माझी पाळी यायच्या आधी टाय माझ्या कानाशी लागला. "काका, 'नाही' म्हणा. एक शब्द. तुम्हाला माहीत होतं हे कुणाला सिद्ध करता येत नाही. सहा महिन्यांत शिक्का परत." ताई, वर्षभरात त्यानं दिलेला हा पहिला सल्ला, जो कायद्याच्या दृष्टीनं बरोबर होता. मी त्याच्याकडे बघितलं. बिस्किटाचा चुरा होता टायवर.

न्यायाधीशबाईंनी विचारलं, "बारा जूनला गुन्हा कबूल करताना मशीन चुकीचं असल्याची तुम्हाला शंका होती का?"

मी म्हटलं, "शंका नव्हती. खात्री होती. मी हिशोब केला होता, तेहेतीस."

"मग कबूल का केलंत?"

"त्यावर माझा शिक्का होता."

टायनं फाईल मिटली. एवढा एक आवाज त्यानं मनापासून केला.

निकाल असा. तेरा जणांची कबुली अजाणता दिलेली, म्हणून रद्द, नोंदी पुसायच्या. माझा अर्ज फेटाळला. बाई म्हणाल्या, "या चौदा जणांत फक्त तुम्हालाच सगळं माहीत होतं, आणि तुम्ही जाणूनबुजून हो म्हणालात. अशी कबुली मागे घेता येत नाही." मी याविरुद्ध अपील करणार नाही. हिशोब बरोबर आहे, मी तपासला.

नऊ मशीनं पोलिसांनी नेली. शिक्का मी आजच टपालानं परत केला, पोचपावतीसह. दुकानाच्या फळीवरची 'शासनमान्य' ही अक्षरं पुसली. खाली लाकूड वेगळ्याच रंगाचं निघालं, त्यामुळे ती आणखीच स्पष्ट दिसतात. रंधा मारावा लागेल.

कोर्टाच्या पायऱ्यांवर बेकरीवाला उभा होता. मी थांबलो. काय बोलायचं ते बसमध्ये ठरवलं होतं, तीन वाक्यं. त्यानं बोलूच दिलं नाही. म्हणाला, "काय काटेवाले, मशीन दारू पीत नाही ना?" आणि निघून गेला. बरोबरच बोलला.

काटा

१० ऑगस्ट

काट्या,

तुझं पत्र भाऊजींनी मोठ्यानं वाचलं. 'खात्री होती' इथे आले आणि थांबले. चष्मा पुसला नाही. "मेहुणा गाढव आहे," म्हणाले, "पण खरं गाढव आहे." त्यांच्याकडून एवढं म्हणजे तुझा सत्कार समज.

तुझी कीव करायला मी लिहीत नाही. तेरा जणांना वर्ष दीड वर्ष भोगावं लागलं आणि तुझा फक्त शिक्का गेला. बेकरीवाल्याला परत गाडी मिळाली का, ते विचारून कळव. त्यानं उत्तर नाही दिलं तरी विचार.

आता माझी एक कबुली. तूच म्हणतोस, लिहिलेलं राहतं.

तू माझ्या लग्नात दिलेला काटा वीस ग्रॅम जास्त दाखवतो. पहिल्या दिवसापासून. मी घरात येऊन पहिला केक केला तो मधोमध बसला, दुसराही बसला, मग शेजारच्या दुकानातून मोजून आणलं तेव्हा कळलं. तेव्हापासून मी वीस ग्रॅम जास्त टाकते आणि केक चांगला होतो. एकतीस वर्षं तुला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर काट्याच्या ऐवजी तू माझं पीठ तपासायला बसला असतास, हे मला पक्कं माहीत होतं. भाऊजींनाही माहीत होतं. आम्ही दोघांनी मिळून तुझ्या काट्यावर चिठ्ठी चिकटवली होती, फक्त ती दिसत नव्हती.

म्हणजे तुझ्यासारखं वागणाऱ्यांत मीही आले. तेव्हा तुला सांगितलं असतं, तर तू निदान एकदा चुकायला शिकला असतास.

ताई

१७ ऑगस्ट

ताईस,

बेकरीवाल्याला विचारलं. पुढच्या सोमवारपासून गाडीवर. उत्तर दिलं, माझ्याकडे न बघता दिलं.

तुझं पत्र वाचून मी पहिल्यांदा काय म्हणालो ते लिहून टाकतो, म्हणजे तू मागून सांगायला नको. मी म्हणालो, "तिचा ओटाच सपाट नसणार." बायको हातातलं भांडं खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली.

शनिवारी येतो. बसनं, दुपारी अडीचपर्यंत पोचेन. वजनं मध्यवर्ती प्रयोगशाळेतून तपासून आणतो आहे, तिथल्या पोरांनी तपासलेली. मी मध्ये बोललो नाही. काटा दुरुस्त करीन, पण शिक्का मारता येणार नाही, तो आता माझ्याकडे नाही.

तोवर काट्याला हात लावू नकोस, पुसूही नकोस. वीस म्हणतेस ते वीसच आहेत का, ते आपण बघू. आकडा तू वाच. मी लिहून घेतो.

काटा